वीरला उतरा, गुणवत्ता मोजा

रुग्णालयांचं व्यवस्थापन आणि गुणवत्ता या विषयावर संशोधन करायचं ठरवलंत, त्याबद्दल अभिनंदन. विषय सुरक्षित आहे. 'आमच्या रुग्णालयाची गुणवत्ता वाढायला नको' असं म्हणणारा माणूस महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत मला अजून भेटलेला नाही. शिवाय रुग्णालय कुठे पळून जात नाही. डॉक्टर जातात, पण इमारत असते, आणि नवशिक्याने इमारतीपासून सुरुवात करावी हे बरं.

मार्गदर्शन करण्याची माझी पात्रता अशी, की आजवर तीन पाहण्यांमध्ये मी होतो. पहिल्यांदा चहा आणायला, दुसऱ्यांदा वाट दाखवायला आणि तिसऱ्यांदा 'स्थानिक समन्वयक' म्हणून. काम तिन्ही वेळा तेच होतं, तिसऱ्या वेळी चहाचे पैसे मिळाले. पाहण्या कुठल्या रुग्णालयाच्या ते विचारू नका. आजारी पडल्यावर आम्हाला तिथेच जायचंय.

येणं

दिवा-सावंतवाडी गाडीने या आणि वीरला उतरा. महाडला रेल्वे नाही, महाडचं स्टेशन म्हणजे वीर. 1993 साली कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला तुकडा सुरू झाला तो रोह्याहून आमच्यापर्यंत. गाडी पुढे जात नव्हती, म्हणून काही काळ सगळं कोकण वीरला उतरायचं. तो ताठा गावात अजून थोडा शिल्लक आहे. आता पाहुणा, आजारी माणूस आणि संशोधक, तिघेही इथे उतरतात आणि मिनीडोर रिक्षामध्ये कोंबून घेऊन दासगावावरून महाडकडे निघतात. तिघांतला आजारी कोण हे मिनीडोरवाला बरोबर ओळखतो. त्याच्याकडे यादी नसते.

तुमच्याकडे मात्र असायला हवी. तेवढंच साहित्य लागतं.

यादी

केंद्र सरकारने 2013 साली सार्वजनिक रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आणली, आणि 2015 साली स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' पुरस्कार सुरू केला. दोन्हींचा जीव यादीत. मानकांची आठ क्षेत्रं आहेत: सेवा कोणत्या मिळतात, रुग्णाचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, उपचार, जंतुसंसर्गाला आळा, गुणवत्तेचं व्यवस्थापन आणि शेवटी परिणाम. परिणाम शेवटी का, असं विचारू नका. नवशिक्या आहात. प्रत्येक मुद्द्याला गुण: पूर्ण असेल तर 2, अर्धवट असेल तर 1, नसेल तर 0. सत्तर टक्क्यांच्या वर गेलात की प्रमाणपत्राच्या रांगेत.

गुण द्यायच्या वाटा चार. डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्यांना विचारणं, कागद तपासणं आणि रुग्णाशी बोलणं. यादी बनवणाऱ्यांनी चारही वाटा दिल्यात, दोष त्यांचा नाही. पण पाहायला चालावं लागतं, कर्मचारी कामात असतात, आणि रुग्णाशी बोललं तर तो बोलतो. कागद टेबलावर असतो, टेबल पंख्याखाली असतं. पाहणी सकाळी चार वाटांनी सुरू होते आणि अकरापर्यंत एका वाटेवर येते, असा माझा तीन पाहण्यांचा अनुभव आहे.

तरीही यादीला सरसकट नावं ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक यादी केली. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिलं ना, शेवटी बोळे मोजले ना, असे साधे प्रश्न. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीचं एक होतं. 2009 साली आकडे छापून आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर, गुंतागुंत अकरावरून सातवर. एका कागदाने एवढं केलं म्हणून जग हरखलं.

मग बाळंतपणासाठी तशीच यादी घेऊन मंडळी उत्तर प्रदेशात गेली. चोवीस जिल्हे, 120 आरोग्य केंद्रं, दीड लाखांवर माता. निम्म्या केंद्रांत यादी आणि ती शिकवायला हाताशी माणूस, निम्म्यांत नेहमीचं काम. 2017 साली निकाल आला. यादीतली कामं जास्त होऊ लागली हे खरं. पण आई किंवा बाळ दगावणं, आईला गंभीर त्रास होणं, हे सगळं मिळून धरलं तर एकीकडे 15.1 टक्के आणि दुसरीकडे 15.3. म्हणजे फरक नाही. यादी आठवण करून देते. ती रक्ताची पिशवी आणत नाही, भूल देणारा डॉक्टर आणत नाही. माझ्या आजीच्या भाषेत, चूल पेटवायची आठवण केली म्हणून तांदूळ शिजत नाही, तांदूळ आधी घरात असावा लागतो.

हा निकाल तुमच्या अहवालात घेऊ नका. अहवालाला कुणीतरी पैसे दिलेले असतात.

दिवस ठरवणं आणि कळवणं

पावसाळ्यात येऊ नये. महाडात 2005 आणि 2021 साली सावित्रीचं पाणी कुठवर चढलं याच्या खुणा लोक अजून भिंतींवर बोटाने दाखवतात. पाण्याला दप्तर आणि रद्दी यांतला फरक कळत नाही. जुलैमध्ये आलात तर प्रश्न एवढाच उरतो, की कपाट कुठल्या मजल्यावर आहे. खरं तर कोकणातल्या रुग्णालयाच्या गुणवत्तेचा तो पहिला प्रश्न असावा: जनरेटर, औषधांचा साठा आणि प्राणवायूची टाकी जोत्यापासून किती वर? यादीत तो मला पहिल्या पानावर कुठे दिसला नाही. तुम्ही घाला. तुमची म्हणून एक तरी ओळ असू द्या.

भातकापणीतही येऊ नका, तेव्हा ओपीडी भरलेली असते आणि तुमच्याशी बोलायला कोणी मोकळं नसतं. चांगला महिना म्हणजे फेब्रुवारी. आंब्याला मोहोर असतो, फोटो छान येतात.

आठवडाभर आधी कळवा. पत्र पोचल्यापासून रुग्णालय सुधारायला लागतं. मी डोळ्यांनी पाहिलंय: मंगळवारी पत्र आलं, बुधवारी चुना आला, गुरुवारी पिवळी, लाल, पांढरी आणि निळी बादली ओळीने मांडली गेली. मळलेल्या पट्ट्या पिवळ्यात, प्लास्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्यात, काच निळ्यात. वर तक्ता चिकटवला. शुक्रवारी साहेबांनी पाहणी केली, चारही बादल्यांना दोन-दोन गुण दिले. बादल्या रिकाम्या होत्या. कचरा टाकून त्या खराब करू नका अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे तो शुक्रवारपुरता जुन्या जागीच टाकला जात होता. जुनी जागा कुठली ते साफसफाईच्या मावशींना माहीत. मावशींची मुलाखत नमुन्यात नव्हती.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1920च्या दशकात दिव्यांचा उजेड कमीजास्त करून कामावर काय फरक पडतो ते पाहात होते. काम वाढण्याचं कारण उजेडात नसून कुणीतरी पाहतंय यात आहे, असा बोध त्यातून काढला गेला आणि त्याला कारखान्याचं नाव चिकटलं. ते मूळचे आकडे पुढे पुष्कळ लोकांनी तासून पाहिले आणि बोध तितका पक्का नाही म्हणाले. त्यांना सांगा, एकदा पत्र पाठवून आमच्याकडे या.

थांबण्याचा वेळ

हा मोजायला सोपा वाटतो, म्हणून नवशिक्यांना फार आवडतो. केसपेपर काढला ती वेळ आणि डॉक्टरांनी पाहिलं ती वेळ, वजाबाकी केली की झालं. मग सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरी मोठी कनवाळू असते, सगळ्यांना सारखं करते. ओळखीचे पंधराजण पाच-पाच मिनिटांत आत गेले आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली बाई चार तास बसली, तरी सरासरी वीस मिनिटांच्या आतच भरते. वीस मिनिटं म्हणजे फार उत्तम. मुंबईतही एवढी कमी नसतात.

तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल, म्हणजे सक्ती नाही, तर सगळे वेळ लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा, मधला कोणता ते बघा, आणि शेवटचा कोणता ते त्याहून नीट बघा. शेवटचा ज्याचा आहे त्याचं गाव विचारा. आणि घड्याळ केसपेपरच्या खिडकीशी सुरू करू नका. वाडीतून निघाल्यापासून सुरू करा. अंधारात उठून उतार उतरायचा, वस्तीची एसटी पकडायची, ती चुकली तर जीपची वाट बघायची. ती बाई खिडकीशी आली तेव्हा तुमच्या फॉर्मवर 'आगमन 9.10' असं लिहिलं जातं. तिचा दिवस तोवर अर्धा झालेला असतो. आणि तपासणी संपल्यावरही तिचं थांबणं संपत नाही, कारण परतीची गाडी दुपारी असते. तेव्हा ती बाहेर बाकावर बसते आणि तुमच्या पाहणीत 'उपचार घेऊन समाधानाने परतलेले रुग्ण' या रकान्यात बसते.

समाधान

एक ते पाच आकड्यांत मोजतात. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अत्यंत. प्रश्न दारात विचारावा, सिस्टर शेजारी उभ्या असताना. तिसऱ्या पाहणीत मी स्वतः विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं देतो.

"आजी, इथल्या सेवेबद्दल एक ते पाच मध्ये किती सांगाल?"

"पाचच गोळ्या दिल्यान रं बाबा."

पाच लिहिलं. आकडा चुकीचा नव्हता.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. आमच्याकडे डॉक्टरने सुई टोचली नाही तर तो डॉक्टर कसला, आणि सलाईन लावलं तर काय विचारूच नका, माणूस सलाईनच्या बाटलीकडे बघूनच अर्धा बरा होतो. गरज नसताना सलाईन लावणाऱ्याला पाच मिळतात. 'काही नाही, विषाणूचा ताप आहे, पाणी प्या, झोपा' असं खरं सांगणाऱ्याला दोन. त्यामुळे समाधानाच्या आकड्यावरून उपचार चांगला की वाईट हे कळत नाही. कळतं ते एवढंच, की माणसाशी कोणी धड बोललं का. तेही काही कमी नाही, पण मग प्रश्न तसाच विचारा: तुम्हाला काय झालंय ते कोणी सांगितलं का? गोळी कधी घ्यायची ते? पुन्हा कधी यायचं ते? मी एकदा फॉर्म बाजूला ठेवून असं विचारत बसलो, तर साहेबांनी हाक मारली. चहा संपला होता.

मृत्युदर शून्यावर आणणं

यासाठी लोक परदेशात जाऊन शिकतात. आमच्याकडे ते एका चिठ्ठीवर होतं. रात्री दोनला जीपमधून माणूस येतो, धाप लागलेली, अंग गार. चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी संदर्भित' असं लिहायचं, खाली सही, शिक्का. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि शेवटी मुंबई आहेच, दीडशे किलोमीटरच्या पुढे. तो तिथे पोचला तर त्यांचा रुग्ण. वडखळच्या आसपास गेला, तर कोणाचाच नाही. हायवेला रजिस्टर नसतं.

महिनाअखेरीला दाखल 140, बरे 121, संदर्भित 19, मृत्यू 0 असा हिशोब लागतो (हे आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत, कपाट उघडायला जाऊ नका). बेरीज जुळते. बेरीज जुळणं ही संशोधनातली फार मोठी गोष्ट आहे.

इथे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरवर तोंडसुख घेण्याचा मोह होईल. आवरा. त्या रात्री तो एकटा असतो. भूल देणारा नाही, रक्त नाही, एक्सरेवाला सकाळी येणार. ठेवून घेतला आणि दगावला तर दारात पन्नास माणसं, पाठवला तर निदान प्रयत्न केला असं म्हणता येतं. चिठ्ठी लिहिताना त्याचा हात थरथरताना मी पाहिलाय. 2014 पासून 108 ची गाडी आहे, ती आली की जीपपेक्षा पुष्कळ बरं, गाडीत प्राणवायू आणि डॉक्टर तरी असतो. पण गाडी अंतर कमी करत नाही.

तर काय शोधायचं? ते एकोणीस. फोन नंबर चिठ्ठीच्या स्थळप्रतीवर असतात. एकेकाला महिन्याभराने फोन करायचा: पोचलात का? किती वेळाने? तिथे बेड मिळाला का? आता कसं आहे? एका माणसाचं दोन दिवसांचं काम.

बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक सर्जन होता, त्याने नेमकं हे करायचा हट्ट धरला. रुग्ण घरी गेला म्हणजे काम संपलं नाही, वर्षाने त्याचं काय झालं ते शोधा, आणि बरा झाला नसेल तर चूक कोणाची ते लिहा. मोठ्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. 1914 साली तो तिथून बाहेर पडला. तोवर त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलंच होतं. 1911 ते 1916 या काळात तिथून 337 रुग्ण घरी गेले आणि त्याने त्यांतल्या 123 चुका मोजून छापल्या. स्वतःच्या! पुढे ते रुग्णालय बंद पडलं. नंतर गुणवत्तेच्या क्षेत्रात त्याच्या नावाने बक्षीस सुरू झालं.

एक वाईट उदाहरण

परदेशी वाईट उदाहरणं सोडा, आमच्याच तालुक्यात एका माणसाने हा विषय पार बिघडवून ठेवला आहे. नवशिक्याने त्यांच्यापासून जपून राहावं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1976 साली जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. तेव्हा इकडे विंचू चावून माणसं मरायची. साधा नाही, लाल विंचू. जांभ्याच्या दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, कौलांत, भाताच्या भाऱ्यात. मांत्रिक आधी, दवाखाना नंतर. पोर घामाने न्हालेलं यायचं, ओकत, लाळ गळत, हातपाय बर्फासारखे. थोड्या वेळाने वाटायचं उतरलं, आणि मग काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस. दवाखान्यात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जायचे. पुस्तकात यावर धड उपाय नव्हता. ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांच्या वॉर्डात हे रुग्ण येत नव्हते.

अशा वेळी जबाबदार वैद्यकीय अधिकाऱ्याने काय करावं? चिठ्ठी. यांनी काय केलं? रुग्णाशेजारी बसले. नाडी, रक्तदाब, छातीतला आवाज, घाम कधी थांबला, हात कधी गरम झाले, सगळं तासातासाने वहीत. रात्रभर. पुन्हा दुसऱ्या रात्री दुसरा रुग्ण. कुणी निधी दिला नव्हता, सल्लागार नव्हता, नमुना निवडीची पद्धत म्हणाल तर विंचू निवडायचा. त्या वह्यांतून दिसलं, की मरण विषाने सरळ येत नाही, विषाने अंगात जो भडका उडतो त्याने येतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि ते दमतं. आणि ओकारी, घाम, गार हात ही त्याची आगाऊ सूचना असते. हे निरीक्षण 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

मधल्या काळात ते पुण्याला एमडी करून आले. एमडी केलेला माणूस परत महाडला येतो, हेच मुळात व्यवस्थापनशास्त्रात बसत नाही. आले, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी, बाजारात आधीच मिळणारी, या रुग्णांना द्यायला लागले. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी. 1986 साली तेही 'लॅन्सेट'मध्ये. शंभरात तीस-चाळीस मरत होते ते एकाच्या आसपास आले. नवी इमारत नाही, नवं यंत्र नाही, बादल्यांचे रंग कोणते होते याची नोंद मला सापडलेली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पुढे विंचवावरची लस, म्हणजे प्रतिविष, निघाली. आता माणसाचा स्वभाव असा, की पंचवीस वर्षं ज्या गोळीने नाव झालं, तीच पुरेशी आहे असं म्हणत राहावं. यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्याबरोबर महाडमध्ये रीतसर तुलना लावली. सत्तर रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लसवाल्यांतले 32 आणि नुसत्या गोळीवाल्यांतले 8. म्हणजे गोळीपेक्षा गोळी आणि लस सरस, असं स्वतःच्याच गोळीबद्दल स्वतःच सिद्ध करून 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. दहा तासांत घाम थांबला का, हात गरम झाले का. म्हणजे ज्या खुणांची वही 1976 सालापासून चालू होती, त्याच खुणा. आठ क्षेत्रांपैकी 'परिणाम' हे जे शेवटचं क्षेत्र, हा माणूस पहिल्यापासून तेवढंच करत बसला.

त्याहून वाईट पुढे आहे. 2013 साली त्यांना एका तपासणी केंद्राकडून 1,200 रुपयांचा चेक आला, रुग्ण पाठवल्याबद्दल. व्यवहारी जगात याला पोचपावती म्हणतात. त्यांनी थेट वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. डॉक्टरांच्या कमिशनबद्दल गावात सगळे बोलतात, पण चेक दाखवून बोलणारा मी तोवर ऐकला नव्हता. रुग्णालयाची गुणवत्ता मोजताना हा प्रश्न तुम्ही कुठल्या रकान्यात घालणार? मी शोधलं. 'इतर' आहे.

2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे तालुक्यातल्या तरुण डॉक्टरांवर वाईट परिणाम होण्याची शक्यता आहे.

तुम्हाला हे जमणार नाही, मलाही नाही, आणि सगळ्यांनी असंच करावं असा आग्रह धरणं म्हणजे आणखी एक फसवणूक. एका डॉक्टरच्या जागरणावर तालुक्याची आरोग्यसेवा चालवायची नसते. पाळ्या लागतात, सुट्ट्या लागतात, दुसरा माणूस लागतो, आणि तो मिळवणं यालाच व्यवस्थापन म्हणतात. पण आपली खुर्ची कुठे ठेवायची एवढं तरी त्यांच्याकडून उचलता येईल. व्हिएन्नात 1847 साली सेमेलवाइस या डॉक्टरने तेच केलं होतं. त्याने बाळंतिणींचे मृत्यू दोन वॉर्डांत वेगवेगळे मोजले. ज्या वॉर्डात सुइणी होत्या तिथे कमी, ज्यात शवविच्छेदन करून थेट येणारे विद्यार्थी होते तिथे जास्त. हात क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावले, तर एप्रिलमधले अठरा टक्के मृत्यू जूनमध्ये दोनवर आले. सहकारी डॉक्टर चिडले, कारण निष्कर्ष असा निघत होता, की रोग त्यांच्या हातावर होता.

अहवाल

हा आल्या गाडीने परतताना लिहिता येतो, कारण शिफारशी ठरलेल्या असतात. मनुष्यबळ वाढवावं. प्रशिक्षण द्यावं. समन्वय साधावा. अधिक संशोधनाची गरज आहे. पहिली शिफारस खरी आहे, ती मी लहान असल्यापासून खरी आहे. फक्त 'वाढवावं' कोणी, कधीपर्यंत आणि आलेला माणूस बदली करून का घेतो, ते लिहिलं तर अहवाल दोन पानांनी वाढतो आणि पुढची पाहणी दुसऱ्याला मिळते. राहायला गळक्या छपराचं क्वार्टर, मुलांच्या शाळेची अडचण, रात्री एकट्याने पन्नास माणसांना तोंड देणं, हे मी एकदा बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, हे गुणवत्तेत येत नाही, हे प्रशासनात येतं.

एक प्रत रुग्णालयाला द्यायची असते. ती तिथल्या सिस्टरना दाखवा, कपाटात जाण्याआधी. तिसऱ्या अहवालाची झेरॉक्स मी दाखवली होती. त्यांनी उभ्याउभ्या चाळली, पेन मागितलं आणि दोन ठिकाणी खुणा केल्या. पहिली खूण: रात्रपाळीला दोन परिचारिका असं छापलंय, दोन आहेत पण एक प्रसूतीच्या खोलीत असते, तेव्हा वॉर्डात शून्य. दुसरी खूण मुद्दा 14 वर, ओपीडीबाहेर बसण्याची पुरेशी व्यवस्था आहे काय. आहे, गुण 2.

म्हणून पुढच्या वेळी याल तेव्हा कळवू नका. वही घ्या, घड्याळ घ्या आणि सकाळी नऊला ओपीडीच्या बाहेर रांगेतल्या माणसांबरोबर बसा. बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसा. दुसऱ्या टोकाचा पाय मोडलाय, खाली चिरा लावलाय, तिथला माणूस उठला की बाक उडतो.